सर्व्हिस पडली तर उठवायची कुणी? एका लिनक्स मशीनवरच्या कामाच्या नोंदी

मशीन एकच. डेबियन १२ हे लिनक्स, चार जीबी मेमरी. त्यावर पाच कामं, म्हणजे सर्व्हिसेस, पडद्यामागे सतत चालायला हवीत: पोस्टग्रेस डेटाबेस, त्याच्यावर उभं असलेलं पायथनमधलं वेब ॲप, अहवाल तयार करणारा वर्कर, फाइल सिंक आणि रात्रीचा बॅकअप. पोस्टग्रेस आणि क्रॉनमधून (ठरल्या वेळी कमांड चालवणारा प्रोग्राम) होणारा बॅकअप सोडला तर बाकीचं सगळं आजवर मी हातानेच सुरू करत आले. टर्मिनल उघडायचं, नोहप (टर्मिनल बंद झालं तरी कमांड चालू ठेवणारा) लावून कमांड द्यायची, शेवटी ती पडद्यामागे ढकलणारा अँपरसँड टाकायचा आणि दुसऱ्या कामाला लागायचं. आता हे नीट बसवायला घेतलं आहे. जिथे वेळ गेला तिथेच जास्त लिहिलं आहे, कारण पुढच्या माणसाचाही वेळ बहुधा तिथेच जाईल.

३ फेब्रुवारी

सकाळी सहकारी मैत्रिणीचा फोन. "अगं, शुक्रवारपासून एकही अहवाल आलेला नाही. मशीन बंद आहे का?" मशीन चालू होतं. वर्कर शुक्रवारी दुपारीच मेला होता आणि रांगेत दोनशेच्या वर कामं तुंबली होती. कशाने मेला ते कळायला मार्ग नाही. नोहपची आउटपुट फाइल मी पुढच्या वेळी तोच वर्कर सुरू करताना स्वतःच पुसली होती. रांग उपसायला संध्याकाळ झाली.

आज ठरवलं, पडलेली सर्व्हिस माझ्याविना उठली पाहिजे, आणि पडली होती हे मला नंतर कळलंही पाहिजे.

४ आणि ५ फेब्रुवारी

सगळ्यात सोपी वाटली ती वाट धरली. क्रॉनमध्ये दर मिनिटाला एक स्क्रिप्ट: पीग्रेप या चालू प्रोग्राम (प्रोसेस) नावाने शोधणाऱ्या कमांडने वर्कर शोधायचा, सापडला नाही तर सुरू करायचा. दहा मिनिटांत लिहून झाली. तपासायला म्हणून वर्कर मारला आणि वाट बघत बसले. एक मिनिट, दोन मिनिटं, पाच मिनिटं. काहीच नाही.

स्क्रिप्टचं नाव होतं 'वर्कर-पहारा'. पीग्रेपला पूर्ण कमांड लाइन बघायचा पर्याय दिला की तो स्वतःला वगळतो, पण त्याला बोलावणाऱ्या स्क्रिप्टला वगळत नाही. तिच्या नावात 'वर्कर' आहे, म्हणजे दर मिनिटाला तीच स्वतःला सापडत होती आणि सगळं ठीक आहे म्हणून परत जात होती.

मग पीआयडी फाइलवर गेले. वर्कर सुरू होताना आपला प्रोसेस क्रमांक फाइलमध्ये लिहील, आणि पहारेकरी त्या क्रमांकाला शून्य नंबरचा सिग्नल पाठवून जिवंत आहे का ते बघेल. हे चाललं, ते मशीन रीबूट करेपर्यंत. रीबूटनंतर फाइल तशीच राहिली होती, आत ८१२. आणि बूट होताना ८१२ हा क्रमांक दुसऱ्याच एका प्रोसेसला मिळाला होता. स्क्रिप्ट रूटच्या (सर्वाधिकार असलेल्या वापरकर्त्याच्या) क्रॉनमधून चालत असल्याने सिग्नल बिनबोभाट पोचला, उत्तर आलं 'जिवंत', आणि वर्कर काही सुरू झाला नाही.

फाइल रीबूटला पुसली जाणाऱ्या जागी ठेवून हे सुटलं असतं. पण तिथे थांबले, कारण मूळ मांडणीच कच्ची आहे. युनिक्समध्ये प्रोसेस मेली की कर्नल (सिस्टमचा गाभा) ते तिच्या पालक प्रोसेसला, म्हणजे जिने ती सुरू केली तिला, कळवतो. बाकीच्यांना दाराबाहेरून अंदाज बांधावा लागतो, आणि माझी स्क्रिप्ट नेमकी दाराबाहेर उभी होती. पहारा करायचा तर ज्याने सर्व्हिस सुरू केली त्यानेच करायला हवा. ही काही नवी गोष्ट नाही. जुन्या सिस्टिम-फाइव्ह इनिटच्या (मशीन सुरू होताना बाकीचं सगळं सुरू करणारा प्रोग्राम) इनिटटॅब फाइलमध्ये 'रिस्पॉन', म्हणजे मेलं की पुन्हा सुरू कर, होतंच, नंतर डीमनटूल्स आणि रनिट आले, २००५मध्ये मॅकवर लाँचडी आणि सोलारिस १०मध्ये एसएमएफ. डेबियनवर आज हे काम सिस्टमडीकडे आहे. दोन संध्याकाळी घालवून मी तिथे पोचले.

७ फेब्रुवारी

वर्करची पहिली युनिट फाइल, म्हणजे सर्व्हिस कशी चालवायची ते सिस्टमडीला सांगणारी. सुरूच होईना. स्टेटसमध्ये '२०३/एक्झेक' आणि जर्नलमध्ये (सिस्टमडीच्या नोंदवहीत) 'नो सच फाइल ऑर डिरेक्टरी'. फाइल जागेवर आहे, चालवायची परवानगी आहे, नाव बरोबर आहे. तीनदा तपासलं.

सुरुवात करून देणारी छोटी शेल स्क्रिप्ट मी विंडोजवरच्या एडिटरमध्ये लिहून आणली होती. कॅट या फाइल दाखवणाऱ्या कमांडला मोठ्या 'ए'चा पर्याय देऊन पाहिली तर प्रत्येक ओळीच्या शेवटी कॅरेट-एम, विंडोजच्या ओळीअखेरीचं एरवी न दिसणारं अक्षर. म्हणजे कर्नल पहिल्या ओळीतल्या शेलचं (स्क्रिप्ट चालवणाऱ्या प्रोग्रामचं) नाव त्या अदृश्य अक्षरासकट शोधत होता, आणि त्या नावाचा शेल अर्थातच नाही. संदेशातली 'न सापडलेली फाइल' माझी स्क्रिप्ट नव्हती, ती चालवणारा शेल होता. चाळीस मिनिटं गेली.

८ फेब्रुवारी

फाइल सिंक. 'रिस्टार्ट=ऑलवेज' (थांबली की दर वेळी उठव) लावलं, सुरू केली, आणि दोन सेकंदांत 'स्टार्ट रिक्वेस्ट रिपीटेड टू क्विकली'. हा प्रोग्राम जुन्या वळणाचा आहे. सुरू होताच स्वतःची प्रत काढून पडद्यामागे जातो आणि मूळ प्रोसेस संपवतो. सिस्टमडीला मी साधा प्रकार सांगितला होता, त्यामुळे मूळ प्रोसेस संपली म्हणजे सर्व्हिस संपली असं त्याने धरलं, मागे राहिलेली प्रत मारली आणि पुन्हा सुरू केलं. असं पाच वेळा.

अशा प्रोग्रामसाठीचा 'फोर्किंग' प्रकार लावूनही भागतं, पण मग पुन्हा पीआयडी फाइल आली. प्रोग्रामच्या मदतपानावर फोरग्राउंडमध्ये, म्हणजे पडद्यामागे न जाता, राहण्याचा पर्याय सापडला, तो लावला. तुमच्या प्रोग्रामला असा पर्याय असेल तर तोच घ्या.

११ फेब्रुवारी

रात्री अपडेट लावून रीबूट केलं. सकाळी वेब ॲप मेलेलं, डेटाबेस ठणठणीत.

जर्नल वाचलं. बूटच्या वेळी ॲपला डेटाबेस मिळाला नाही, ते एरर देऊन बाहेर पडलं. सिस्टमडीने एक दशांश सेकंदात पुन्हा उठवलं, पुन्हा पडलं. दहा सेकंदांत पाच वेळा सुरू करून झालं की सिस्टमडी हात टेकतो, आणि नंतर माणूस येईपर्यंत त्या सर्व्हिसकडे बघत नाही. हे सगळे आकडे मुळातच ठरलेले आहेत, मी काहीच बदललं नव्हतं. पाचही प्रयत्न पोस्टग्रेस उभं राहायच्या आतच संपले.

दोन दुरुस्त्या केल्या. 'आफ्टर' लिहून पोस्टग्रेसनंतरचा क्रम लावला, सोबत 'वॉन्ट्स', ज्याने पोस्टग्रेसही सुरू केलं जातं. 'आफ्टर' फक्त क्रम सांगतं, समोरच्याला सुरू करत नाही. मला हे माहीत होतं असं मला वाटत होतं. 'रिक्वायर्स' मुद्दाम टाळलं, कारण त्याने मी पोस्टग्रेस रिस्टार्ट केलं की ॲपही रिस्टार्ट होतं, आणि ॲप स्वतः पुन्हा जोडून घेऊ शकतं. दुसरी दुरुस्ती, 'रिस्टार्टसेक' (पुन्हा उठवण्याआधी थांबायची वेळ) पाच सेकंद. आता दहा सेकंदांत पाच प्रयत्न होऊच शकत नाहीत, त्यामुळे ॲप चिकाटीने प्रयत्न करत राहतं. शिवाय मर्यादेची मुदत शून्य करून मर्यादाच काढून टाकली. (या शेवटच्या निर्णयाची किंमत २६ तारखेला कळली.)

ती मुदतीची ओळ आधी 'सर्व्हिस' विभागात लिहिली होती. तिची जागा 'युनिट' विभागात. चुकीच्या जागी असेल तर सिस्टमडी जर्नलमध्ये एक इशारा टाकून ती ओळ सोडून देतो, सर्व्हिस मात्र सुरू होते. तेव्हापासून प्रत्येक युनिट फाइल 'सिस्टमडी-ॲनलाइज व्हेरिफाय' या तपासणाऱ्या कमांडमधून काढते.

आणखी एक, डेबियनवाल्यांसाठी. पोस्टग्रेसचं स्टेटस विचारलं की 'ॲक्टिव्ह (एक्झिटेड)' येतं. डेटाबेस बंद पडलाय असं समजून मी अर्धा तास शोधाशोध केली. ते नुसतं छत्र आहे. खरी सर्व्हिस आवृत्ती आणि क्लस्टरचं नाव जोडलेली वेगळी असते, माझ्याकडे '१५-मेन'.

१३ फेब्रुवारी

वर्कर एकदा पडला आणि पाच सेकंदांत उठला, हे उत्तम. पण पडण्याआधीच्या ओळी जर्नलमध्ये नाहीत. टर्मिनल समोर नसलं की पायथन आपलं आउटपुट साठवून ठेवतो आणि गठ्ठ्याने सोडतो. प्रोसेस एका झटक्यात मेली की तो गठ्ठाही गेला, म्हणजे नेमक्या हव्या त्याच ओळी. युनिटमध्ये 'पायथन-अनबफर्ड' हे एन्व्हायरन्मेंट व्हेरिएबल १ केलं. एका ओळीचं काम, पण हे आधी केलं असतं तर आजचं कारण हातात असतं.

१९ फेब्रुवारी

आजचा दिवस या सगळ्या कामातला सगळ्यात महत्त्वाचा.

पुन्हा मैत्रिणीचा फोन, अहवाल येत नाहीत. स्टेटस पाहिलं. हिरवा ठिपका. 'ॲक्टिव्ह (रनिंग)', चार दिवसांपासून अखंड. एकही रिस्टार्ट नाही. मी तिला सांगितलंही, "वर्कर चालू आहे, तुझ्याकडे काही अडलंय का बघ." मग रांग पाहिली तर ती पहाटे सव्वातीनपासून हललेली नव्हती. तिला परत फोन करून चूक माझ्याकडची आहे हे सांगितलं.

वर्कर मारायच्या आधी त्याच्याकडे नीट बघायचं ठरवलं. एस-ट्रेस (प्रोसेस कर्नलकडे काय मागते ते दाखवणारा) त्याच्या क्रमांकाला जोडला. एकच ओळ आली: रिसीव्ह-फ्रॉम, कंस सुरू, सात, स्वल्पविराम. तिथेच थांबली. कंस बंद नाही, पुढे उत्तर नाही. वर्कर सात नंबरच्या सॉकेटवर (जोडणीच्या टोकावर) कुणीतरी काही पाठवील म्हणून वाट बघत बसला होता. 'एसएस'ने जोडण्या पाहिल्या तर ती जोडणी 'एस्टॅब्लिश्ड', म्हणजे जुळलेलीच. ज्या सर्व्हरवरून तो आकडे आणतो तो पहाटे मध्येच नाहीसा झाला असणार, आणि 'चाललो' असं सांगणारं पाकीट इकडे पोचलंच नाही. टीसीपीमध्ये (नेटवर्कवरच्या अशा जोडण्यांचे नियम) आपल्याकडे पाठवायला काही नसेल आणि कीप-अलाइव्ह (समोरचा आहे ना हे अधूनमधून विचारणं) लावलेलं नसेल तर असं कितीही काळ बसून राहता येतं.

प्रोसेस मेलेली नाही, म्हणून 'रिस्टार्ट' कामाचं नाही. पालकाला पोर गेल्याचं कळतं, ते कोपऱ्यात गोठून उभं आहे हे कळत नाही. गेले दोन आठवडे मी सर्व्हिस जिवंत ठेवण्याच्या मागे होते. मैत्रिणीला हवे होते अहवाल.

आधी मूळ कारण: सॉकेटला तीस सेकंदांचा टाइमआउट. खरी दुरुस्ती हीच. पण अशी जागा दुसरीकडे कुठे असेल ते आज सांगता येत नाही, म्हणून वॉचडॉग.

२० आणि २१ फेब्रुवारी

वॉचडॉगची सोय सिस्टमडीत आहे. युनिटमध्ये 'टाइप=नोटिफाय' आणि 'वॉचडॉगसेक=६०' लिहायचं, आणि प्रोग्रामने साठ सेकंदांच्या आत एका सॉकेटवर 'मी आहे' असा छोटा संदेश पाठवत राहायचं. नाही पाठवला तर सिस्टमडी त्याला ॲबॉर्ट सिग्नल देऊन मारतो आणि 'रिस्टार्ट=ऑन-फेल्युअर' असेल तर पुन्हा उठवतो. पायथनमध्ये बारा ओळींचं काम. मी त्यात तीन चुका केल्या.

पहिली: 'तयार आहे' हा सुरुवातीचा संदेश पाठवायला विसरले. नोटिफाय प्रकारात तो आला नाही तर सर्व्हिस 'ॲक्टिव्हेटिंग'मध्येच राहते आणि नव्वद सेकंदांनी मारली जाते. वर्कर व्यवस्थित काम करत असताना दर दीड मिनिटाला मरत होता.

दुसरी चूक गंभीर. 'मी आहे'चा संदेश मी वेगळ्या थ्रेडमध्ये (त्याच प्रोसेसमध्ये समांतर चालणाऱ्या धाग्यात) टाकला, दर वीस सेकंदांनी. सुटसुटीत दिसत होतं. मग परीक्षा म्हणून मुद्दाम गप्प राहणाऱ्या एका खोट्या सर्व्हरकडे वर्करला पाठवलं. मुख्य काम गोठलं आणि तो थ्रेड मात्र नेमाने 'मी आहे, मी आहे' सांगत राहिला. कालचाच हिरवा ठिपका मी पुन्हा बनवला होता, या वेळी जास्त मेहनतीने. संदेश मुख्य लूपमध्ये आणला, एक काम पूर्ण झालं की एक संदेश आणि रांग रिकामी असेल तर प्रत्येक फेरीला एक.

तिसरी: महिन्याचा मोठा अहवाल दीड मिनिट घेतो. साठ सेकंदांत संदेश नाही, म्हणून तो अर्ध्यातच मारला गेला, उठला, तोच अहवाल पुन्हा घेतला, पुन्हा मारला गेला. मुदत ३०० सेकंद केली आणि मोठ्या अहवालात टप्प्याटप्प्याला संदेश टाकला.

शेवटी तपासणी. वर्करला स्टॉप सिग्नल देऊन जागच्या जागी गोठवलं आणि घड्याळाकडे बघत बसले. पाच मिनिटांनी जर्नलमध्ये 'वॉचडॉग टाइमआउट', मग नवा क्रमांक, आणि रांग हलली. ती पहिली ओळ सरकताना बघून फार बरं वाटलं.

२३ फेब्रुवारी

डिस्क भरली, पोस्टग्रेसने लिहिणं थांबवलं. सिंकचा एक अवाढव्य लॉग दिसला, तो पुसला. 'डीएफ' (डिस्क किती भरली ते सांगणारी कमांड) अजून शंभर टक्केच. 'डीयू' (फाइलींची जागा मोजणारी) मात्र वापर बराच कमी दाखवते. फाइल पुसली तरी सिंकने ती उघडी धरून ठेवलेली असते, आणि शेवटचा धरणारा सोडेपर्यंत जागा सुटत नाही. 'एलएसओएफ'मध्ये (उघड्या फाइलींच्या यादीत) नावापुढे 'डिलीटेड' दिसलं. सिंक रिस्टार्ट केल्यावर जागा सुटली. आता लॉग थेट जर्नलकडे, आणि जर्नलला ५०० एमबीची मर्यादा.

२६ फेब्रुवारी

बिघाड झाला की मेल यावी म्हणून प्रत्येक युनिटला 'ऑनफेल्युअर'ने एक छोटी मेल पाठवणारी सर्व्हिस जोडली होती. आठवडाभर एकही मेल नाही, म्हणून मी निश्चिंत. आज सहज 'एन-रिस्टार्ट्स' (सिस्टमडीने किती वेळा उठवलं) हा आकडा विचारला. वेब ॲप: १,१४३.

सेटिंगमधली एक किल्ली बदलताना टाइप करताना चूक झाली होती. ॲप सुरू होऊन काही मिनिटं चालायचं, एका ठरावीक पानावर पडायचं, पाच सेकंदांत उठायचं. लोकांना पान 'कधीकधी' येत नव्हतं आणि त्यांनी ते चालवून घेतलं.

मेल का नाही? कारण रिस्टार्ट लावलेली सर्व्हिस 'फेल्ड' अवस्थेत जाते ती प्रयत्नांची मर्यादा संपल्यावरच. ११ तारखेला मी ती मर्यादाच काढली होती. जी सर्व्हिस कधी हरतच नाही तिची तक्रारही कधी येत नाही. आता दहा मिनिटांत वीस ही मर्यादा आहे. डेटाबेस उशिरा आला तरी तेवढे प्रयत्न पुरतात, आणि तेवढ्याने भागलं नाही तर मला कळायलाच हवं. मर्यादेच्या आतली हळूहळू होणारी पडझड त्यात सापडत नाही, म्हणून रोज सकाळी सगळ्या सर्व्हिसेसचे 'एन-रिस्टार्ट्स' आकडे मेलने मागवते.

१ मार्च

बॅकअप क्रॉनमधून काढून सिस्टमडीच्या टायमरवर आणला, 'पर्सिस्टंट' लावून, म्हणजे मशीन बंद असताना चुकलेली फेरी सुरू होताच होते. तीन रात्री 'सक्सेस'. आज एक बॅकअप उघडून बघायचं म्हणून फाइलींची यादी काढली. तिन्ही फाइली वीस बाइटच्या.

वीस बाइट म्हणजे रिकाम्या मजकुराचा जीझिप (आवळलेली फाइल). नवी सर्व्हिस मी वेगळ्या वापरकर्त्याने चालवली होती आणि पोस्टग्रेसमध्ये त्या नावाचा रोलच (डेटाबेसमधलं खातं) नव्हता. डंप (डेटाबेस फाइलीत उतरवणारी कमांड) लगेच पडला. पण डंपची पाइप जीझिपमध्ये जाते, आणि शेल पाइपमधल्या शेवटच्या कमांडचा निकाल धरतो. जीझिपने रिकामा मजकूर नीट आवळला, म्हणून सगळं यशस्वी. बॅश शेलमध्ये 'पाइपफेल' (पाइपमधली कुठलीही कमांड पडली तर अपयश धर) लावलं, रोल बनवला, आणि बॅकअपनंतर तो एका तात्पुरत्या डेटाबेसमध्ये उतरवून मुख्य टेबलच्या ओळी मोजणारा टप्पा जोडला. त्याने फेरी चार मिनिटं लांबली. चालेल.

त्या तीन रात्रींत डिस्क गेली असती तर हातात काहीच नसतं. हे लिहिताना अजूनही पोटात गोळा येतो.

६ मार्च

आज सगळ्यांना कळवून दोन तास मागून घेतले आणि एकेक सर्व्हिस पाडली. किल सिग्नलने मारली, स्टॉप सिग्नलने गोठवली, डेटाबेस खालून काढून घेतला. शेवटी थेट वीजपुरवठा तोडला. मशीन परत आल्यावर चार सर्व्हिसेस मिनिटाच्या आत उभ्या. पाचवी, सिंक, तीही हिरवी, पण तिच्या फोल्डरमधल्या जुन्या फाइली गायब.

फाइली ज्या दुसऱ्या डिस्कवर आहेत ती वीज गेल्यामुळे आधी तपासणीत गुंतली आणि उशिरा माउंट झाली (आपल्या फोल्डरला जोडली गेली). सिंक तिच्या आधी सुरू झाली, रिकाम्या माउंट पॉइंटलाच आपलं घर समजली आणि सगळं पुन्हा तिथे उतरवायला लागली. नंतर डिस्क वर चढली आणि खालच्या फाइली झाकल्या गेल्या, पण सिंक मात्र अजून खालच्याच फोल्डरमध्ये लिहीत होती. सिंक थांबवली, डिस्क उतरवली, खाली पडलेल्या फाइली हलवल्या. मग युनिटमध्ये 'रिक्वायर्स-माउंट्स-फॉर' ही ओळ त्या मार्गासह टाकली आणि पुन्हा वीज तोडली. या वेळी सिंक डिस्कसाठी थांबली.

एक काम बाकी आहे. बिघाडाची मेल याच मशीनवरून जाते, म्हणजे मशीनच गेलं तर ती येणार नाही. एक जुना लॅपटॉप काढून ठेवला आहे. तो दर पाच मिनिटांनी ॲपचं एक पान मागेल आणि वर्करने शेवटचा अहवाल कधी पूर्ण केला ती वेळ बघेल. पान आलं पण वेळ जुनी असेल तरी मेल. शनिवारी बसवते.